पाच किलवरच्या पुढे

डुलूथ, सोमवार

आदरणीय सिग्नेताई,

प्रभूच्या कृपेची छाया आपल्या घरावर अखंड राहो. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? माझी प्रकृती उत्तम आहे (चार दिवस तेच बटाट्याचे हॉटडिश खात आहे, एवढे वगळता).

मार्गिट बॅग भरून आपल्याकडे फार्गोला का आली, हे तिने सांगितले असेलच. चाळीस वर्षे व्यासपीठावरून सत्य सांगणाऱ्या तिच्या नवऱ्याची बाजूही आपण ऐकावी.

गुरुवारी चर्चच्या तळघरात ब्रिजची उपांत्य फेरी होती. किलवर हुकूम ठरले, मला तेरापैकी बारा हात जिंकायच्या स्लॅमचा मोह पडला आणि मी ‘चार बिनहुकमी’ ही बोली मांडली. आपण खेळत नाही, म्हणून सांगतो: या बोलीने जोडीदाराला एक्के किती, असे विचारतात. पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन. मला दोन हवे होते. मार्गिटने पाच चौकट मांडली. चौकट किलवरच्या वर, त्यामुळे जिथे आम्ही सुखाने थांबलो असतो त्या पाच किलवरवर परतायची वाट बंद! बायबलातल्या शास्त्यांच्या काळी एका सेनापतीने, घरातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन, असा नवस केला आणि दारातून त्याची मुलगी आली; दिलेला शब्द मागे घेता येईना. (या विषयावर माझी तीन प्रवचने आहेत. उपयोग झाला नाही.)

इथवर सारे क्षम्य होते. परंतु बोली चालू असताना बोलीखेरीज एकही शब्द उच्चारायचा नसतो, आणि माझ्या तोंडून निघाले, “एकच?”

“अहो, दोन हवे होते तर लग्नाआधी विचारायचं होतं!” मार्गिट म्हणाली. सारे तळघर हसले. नाइलाजाने मी सहा किलवर बोललो. प्रतिस्पर्धी दंतवैद्य गिलरॉय यांनी दोन एक्के ओळीने टाकून आमची बोली बुडवली. “पास्टर, हेच शोधत होतात ना?”

तरीही अर्ध्या गुणाने आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. मार्गिट मात्र बसस्थानकावर पोहोचली.

आपल्या धाकट्या बहिणीचा (अजूनही) पती,
हाल्वर

ता. क. अंतिम फेरी शनिवारी दुपारी एक वाजता आहे. जोडीदार बदलता येत नाही. तिला शुक्रवारच्या बसमध्ये बसवावे. (सामना हे निमित्त. काल जेवणाआधीची प्रार्थना मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हटली आणि ‘आमेन’ म्हणायला कोणी नव्हते.) चूक माझी होती, असे तिला सांगावे. यापुढे एक्के तीच विचारील.

ता. क. दुसरे. तथापि, एकाच एक्क्यावर तिने आरंभी इतक्या उत्साहाने बोली लावायला नको होती.

ता. क. तिसरे. आपण पत्रे मोठ्याने वाचता, हे मला आत्ता आठवले. दुसरे ता. क. कृपया मनात वाचावे.