भुलाबाईचा डबा

भादवा पुनव, रविवार

चार बाया अन् एक फुटका ढोलक, याले म्हने कार्यक्रम. त्याच्यासाठी ऑटोत हाडं मोडत रिसालीच्या घरून कारखान्याच्या वस्तीत सेक्टर ६ ले गेली. हॉलमंधी पूजा नावाची पोट्टी, दर रविवारी बायायकडून गाने म्हनवून घेते, चित्रं काढून घेते. मले म्हनते, "दादीजी, आँख बंद करो, गहरी साँस लो." मी म्हनलं, सत्तर वर्सं काय उसना श्वास घेऊन राहिली होती मी?
म्हने मन मोकळं होते. माह्या मनाचं सोड. मी सुनेसाठी गेली.
वनिता भिंतीकडं तोंड करून बसली. माहा लेक अनिल वैशाखात झोपेतच गेला, तवापासून एक शब्द नाही तिच्या तोंडातून. रांधते, धुते, भांडे घासते. डॉक्टर म्हनते गळा चांगला हाय. चांगला हाय तं कावून नाही बोलत?

सोमवार

रिंकीचा फोन, रायपूरच्या होस्टेलमधून. नात माही. रोज एकच. "आजी, मम्मी कुछ बोली?" नाही म्हनलं. मंग म्हनते, डायरी लिख रही हो ना? ही डायरी तिनंच देली. चौथी शिकली मी, लिहून राहिली जसं जमते तसं.
पूजा म्हने, आपके यहाँ का कुछ सिखाओ. मी भुलाबाई सांगतली, भादवा पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज सांजच्या गाने म्हनते ते. गाने झाले का झाकनाचा डबा वाजवाचा, आत खिरापत काय ते बाकीच्यायनं ओळखाचं. ज्यानं डबा भरला त्यानं फक्त हो नाही तं नाही म्हनाचं. नाव निघाल्याबिगर झाकन उघडत नाही. उघडलं तं भुलाबाई रुसते.
माळ्यावरून डबा काढला. पितळी, एका बाजूनं चेपला. अनिलनं चेपला, लहानपनी. पोरींचा खेळ, अन् हा दारामागं लपून पोरींच्या आधी ओरडे, "फुटाने!" आत काहीही असो. करंजी असली तरी फुटानेच. उलथन्यानं हानला तरी दुसऱ्या दिवशी हाजर.

पितरं. गुरुवार

वर्स झालं नाही तं त्याचं पान ठेवाचं नसते. तरी अनिलचं ठेवलं. मले कोन अडवते.
कावळा आला, वडा उचलला, गेला. वनिता दारात उभी होती. मी म्हनलं, जेवला, पाह्य. तिनं पदर तोंडात कोंबला.

रविवार

आज हॉल भरला. शेजारची मंगला म्हनते, "काकू, घरात सुतक फिटते न फिटते तं सुनेले गान्यात बसवता?" मी म्हनलं, तुह्या घरी सुतक नाही तरी कोन गाऊन राहिलं?
मी गाने सांगतले, बायायनं उचलले. आवाज कसे, तं पत्र्यावर गोटे. पन उचलले. मंग डबा वाजवला.
छत्तीसगडच्या बाया आपल्या सनाचे पदार्थ ओरडल्या, "ठेठरी!" "खुरमी!" केरळची एक, तिनं कायतरी नाव घेतलं, कोनालेच समजलं नाही, सगळ्या पोट धरून हासल्या. मी आपली नाही, नाही, नाही. गंमत आली, खोटं कावून बोलू.
मंग सगळ्यायची नावं सरली. तेवढ्या वेळात माहा कान दाराकडं गेला. आता ओरडते म्हनून.
पाहिलं तं वनिताही दाराकडंच पाहून राहिली होती.
शेंगदाने-गूळ होते. मंगलानंच ओळखलं.

घट बसले त्या दिवशी

पूजा घरी आली. वनिताजवळ बसली, नुसतं गुनगुनली. जाता जाता मले म्हनते, जबरदस्ती मत करना दादीजी. मी कवा केली जबरदस्ती? जरा बरी पोट्टी हाय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

दुपारी पडली होती. सयपाकघरात डबा वाजला.
डबा मीच घासून पालथा ठेवला होता. उंदीर असंल. उठली तवरी वनिता मागच्या आंगनात कपडे वाळवून राहिली होती. डबा पालथाच.

शनिवार

पुन्हा वाजला. ह्या बारीनं मी उठली नाही. भेली नाही मी. नुसती उठली नाही.

कोजागिरी

सकाळी डबा सुलटा ठेवलेला. झाकन घट्ट. उचलला तं जड, हलवला तं खुळखुळ.
मी भरला नाही. घरात आमी दोघीच. वनिताले म्हनलं, तू भरला? तिनं डब्याकडं पाहिलं, मंग दाराकडं. झालं.
हात शिवशिवून राहिले. पन नाही उघडनार. आतापर्यंत पाळलं, आता कायले मोडू?
संध्याकाळी हॉलमंधी नेते, वनिताले घेऊन. दार उघडंच ठेवाले लावते. आतापासूनच सगळ्यायले सांगून ठेवते. नावं मी घेईन. लाडू म्हनीन, करंजी म्हनीन, चुकीचे चुकीचे, रात सरे तवरी. फुटाने सगळ्यात शेवटी.
मंगलानं मधात तोंड घालाचं नाही. पूजानं श्वास बिस सांगाचा नाही. हो का नाही, ते ज्यानं डबा भरला त्यानंच म्हनाचं. दुसऱ्या कोनीच नाही.