शेळीनं खाल्लं की माणसानं

४ जानेवारी, सोलापूर
नात आली, सुमी. मी सांगतेय, लिहितेय तीच. राजस्थानच्या वाळवंटातून पुड्या भरून राख आणलीय. कुणा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या चुलीतली म्हणे. पाण्यात टाकली की जळकं बी वर तरंगतं, ते गाळून ही बारकं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली बघत बसते. एवढी शिकवली, शेवटी राखच चाळायला लागली. लिही, हेपण लिही.

६ जानेवारी
बी बघितलं. खसखशीएवढं, काळं, रानगवताचं. सुमी म्हणते, "धान्य पिकेना म्हणून लोक हे खायचे, आजी. माझ्या पीएचडीचं सगळं प्रकरण ह्याच्यावरच उभंय."
तिथं झाडं होती का? "नाही, खुरटी झुडपं."
मग चूल कशावर पेटवायचे?
आमच्या माळावरबी लाकूड नव्हतं. लेंड्या जाळायचो. शेळी गवत खाती, बी पोटातनं लेंडीत, लेंडी चुलीत. माणसाच्या तोंडात गेलं कधी?
सुमी नीट जेवली नाही.

७ जानेवारी
सून म्हणाली, "आत्याबाई, कशाला बोललात? पंधरा तारखेला तिला ते प्रकरण तिच्या गाईड मॅडमकडं द्यायचंय." मी कुटं काय बोलले. विचारलं फक्त.

८ जानेवारी
सुमी आपणहून आली. "जाळूनच बघू." परसातल्या माझ्या चंदी शेळीला बी धरलेलं वाळकं गवत चारलं. आता पीएचडीवाली टोपली घेऊन शेळीच्या मागं. शेजारीण विचारते, काय हरवलं? म्हटलं, "हिची डिग्री."

१२ जानेवारी
लेंड्या वाळवून जाळल्या, राख पाण्यात. बी तरंगलं.
दुर्बिणीत चंदीच्या बियांवर टरफल आहे. वाळवंटातल्या काही तशाच, काही सोललेल्या. "शेळी सोलून खाते का, आजी?"
न्हाय. कांडून खातो तो माणूस. बहात्तरच्या दुष्काळात मीच असलं बी उखळात कांडून भाकरी केली. मालक म्हणाले, शेळीला घाल. घातलं नाही.
"हे आधी का नाही सांगितलंस?"
तू इचारलंस कुटं?

१४ जानेवारी
मॅडमचा फोन. टरफल जाळातही उडतं म्हणाल्या, माणसानंच सोललं कशावरून? टरफलासकट बी जाळून बघा, मग लिहा. उशीर चालेल. सुमी हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. चार पुड्या अजून उघडायच्यात.
एक सोललेलं बी तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. कुणाच्या भाकरीचं, का चंदीच्या पणजीच्या पोटातलं, काय ठाऊक. जिभेवर ठेवून बघावं म्हटलं.
सुमीनं मनगट धरलंय. सोडेना.