पट्ट्या लावायला दोन माणसं

प्रिय मोनाली,

प्रिय लिहावं लागते म्हणून लिहिलं, राग तर नाकावरच आहे. सात वेळा फोन केला, सातही वेळा तू कापला. आठव्यांदा लागलाच नाही. शेजारची वैभवी म्हणे, काकू, तुमचा नंबर बंद करून टाकला तिनं. सासूचा नंबर बंद करतेस काय वं? मी चौथी शिकलेली बाई, मले लिहाले लावलं तू. रामटेकले माहेरी बसून इथं काय चाललं ते तुले काय कळणार! म्हणून बैस अन् वाच.

पियुषले कठड्यावरून पडून दीड वर्ष झालं. कमरेखाली अजूनही चिमटा काढला तरी कळत नाही. पाय कसे काड्या झाले होते, तेवढंच पाहून तू गेली. नव्या दवाखान्यात अदिती मॅडम आहे, व्यायाम घेते. पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या मांडीले चिकट पट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या अन् म्हणे, आता करंट देते. मी बोर्डातला प्लगच उपटला! अर्ध्या मेलेल्या पोराले शॉक देता काय, म्हणून दवाखाना डोक्यावर घेतला. तिनं प्लग परत लावला अन् तीच पट्टी माह्या हातावर लावली. मोनाली, माही बोटं आपोआप उठली वं! मी नाही उचलली. मुंग्या आल्या अन् उठली. माहं तोंड बंद झालेलं तू कधी पाहिलं नसशील.

मंग त्याचे पाय एका सायकलीच्या पायडलाले बांधले. मांडीचं मांस आधी थरथरलं, मंग घट्ट गोळा वर आला अन् पाय फिराले लागला. एक मांडी सुटली की दुसरी आवळे. पियुष आपल्याच पायाकडे असा पाहे, जसा कोणी लांबून घरी आला. माहे हात आपोआप जोडल्या गेले, कोणाले ते माहीत नाही. मी साऱ्या गल्लीत फोन केले, पोरगा चालणार! मॅडमनं झाडलं मले. मावशी, पाय करंट चालवतो, तो नाही. चालेल असं मी म्हटलेलं नाही.

नसेल चालत. पण मांडी भरली, बसून झालेली जखम सुकली. हातानं वजनं उचलते अन् मले विचारते, आई, तुले उचलू काय? दसऱ्याले मी त्या सायकलीले झेंडूचा हार घातला. मॅडम म्हणे, कुंकू वायरीले लावू नका.

आता मशीन घरी मिळून राहिलं. पट्ट्या लावायला अन् पाय धरायला दोन माणसं लागतात, शुक्रवारी शिकवणार. दुसरं माणूस कोण, असं मॅडमनं विचारलं तं पियुषनं दाराकडे पाहिलं.

कूलरमधी पाणी टाकाले तूच त्याले कठड्यावर चढवलं, असं मी साऱ्या महाल मोहल्ल्यात सांगत फिरली. तू तं ऊन उतरू द्या म्हणत होती. चढ म्हणणारी मी होती. पियुषले ठाऊक होतं, पण आईसाठी तो गप बसला, म्हणून तू त्याच्यावरही रुसली. काल गल्लीतल्या बायांले बोलावून मी खरं काय ते सांगून टाकलं. तुले तोंडानं सांगाचं होतं, तं तू फोन कापून राहिली. येतेस का नाही, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. माह्याशी बोलाचं नसेल तं वैभवीच्या फोनवर कर. पण कर.

तुझीच सासू,
कौसल्या