उलटा गवती चहा

७ ऑगस्ट

उद्या सेटवर पहिला दिवस! पहाटे गाडी न्यायला येणार. कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात आहे, बँकॉकबाहेर, नाखोन नायोकच्या बाजूला, शेतात. उमेदवारी म्हणजे पडेल ते काम, हे ठाऊक आहे. पण शॉटच्या आधी वाजवायचा क्लॅप धरायला मिळाला तर! आईला फोन केला. 'उन्हात फिरू नकोस, काळी पडशील,' एवढंच म्हणाली.

८ ऑगस्ट

मरा सगळे!

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटे गाडीत कोंबलं. मांडीवर इस्त्री, पायाशी बर्फाची पेटी. पोचल्यावर पहिलं काम — पांढऱ्या चादरींना इस्त्री. दोरीवर वाळत घालायच्या चादरींना इस्त्री! तीन वर्षं सिनेमा शिकून इस्त्रीवाली झाले. मग जागेच्या देवाला फुलं, लाल सरबत, उदबत्त्या. इथवर ठीक होतं.

मग आभाळ भरून आलं. जाहिरातीला तर लख्ख ऊन हवं. सेटवर राज्य ओड दादाचं — सहाय्यक दिग्दर्शक. खरा दिग्दर्शक तंबूत बसून नुसती थंड कॉफी पितो. ओड दादा भोंग्यावर ओरडला, "ती नवी पोरगी कुठाय? इम! इकडं ये!"

गेले.

"लग्न झालंय?"

"नाही, दादा."

"मित्र-बित्र?"

"नाही."

"म्हणजे अगदी कोरी? खरं सांग हां, आभाळाशी गाठ आहे!"

भोंगा तोंडालाच होता! लाइटवाले, मेकअपवाल्या, ड्रायव्हर — सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार? आणि खरंच आहे ते. मी आजवर कुणाचा हातही धरलेला नाही — इथं लिहायला काय जातंय! पण वहीत लिहिणं वेगळं आणि भोंग्यावर कबूल करायला लावणं वेगळं.

आचाऱ्याकडून गवती चहाच्या कांड्या आल्या. तोडगा कोणाला माहीत नाही? कुवार पोरीनं कांड्या उलट्या खोचायच्या, शेंडा मातीत, बुडखा आभाळाकडं, की पाऊस मागं फिरतो. सगळ्या सेटवर करतात म्हणे. मला वाटलं होतं, चेष्टेवारी नेतात. छे! दिग्दर्शकसुद्धा कॉफी ठेवून बघायला आला. मी खोचल्या, हात जोडले, मनापासून विनवलं — माझ्या अब्रूसाठी, त्यांच्या पावडरीसाठी नव्हे.

आणि ऊन पडलं! टाळ्या! "शाब्बास गं पोरी!" मला इतकं बरं वाटलं, त्याचीच आता लाज वाटते.

चादरी वाऱ्यावर हलतायत, जाहिरातीतली आई लेकीचा शर्ट नाकाशी धरून डोळे मिटतेय, आणि पाऊस कोसळला! असा कोसळला की दोरी तुटून चादरी चिखलात. मी कॅमेऱ्यावर प्लास्टिक घालायला धावले तर मागून हशा.

"इम! कोण आहे गं तो नशीबवान?"

"आभाळानं सांगितलं बरं का, आम्ही नाही!"

ओड दादा पोट धरून हसत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. चित्रण करत होता माझं!

"दादा, मी खोटं बोलले नाही."

"मग पाऊस खोटा का?"

त्यानंतर वॉकी-टॉकीवर माझं नाव 'पावसाळी'. पावसाळी, कॉफी आण. पावसाळी, चादरी धू. धुतल्या. त्यांच्याच पावडरीनं. डाग गेले नाहीत.

निर्मितीचं सगळं बघणाऱ्या तुम ताईनं टॉवेल दिला. "हस, हस. रडलीस तर हेच नाव चिकटेल." मी हसले. त्याचाच राग जास्त येतोय.

९ ऑगस्ट

ओड दादानं ते चित्रण नेटवर टाकून सगळ्या जगाला दाखवलंय. माझा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो. ओळ लिहिलीय — 'आमची नवी पोरगी परीक्षेत नापास.' लोक हसून हसून लोळतायत.

९ ऑगस्ट, संध्याकाळ

मावशीनं पाहिलं. मावशीनं पाहिलं म्हणजे आमच्या गावच्या, सुफानच्या बाजारात मासे विकणारीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. शेवटी आईनं. लगेच तिचा फोन.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही गं आई!"

"मग पाऊस का आला?"

"ऑगस्ट आहे म्हणून!"

"तोंड वर करून बोलू नकोस. शिकायला पाठवलं होतं तुला, बँकॉकला शेण खायला नाही. सोमवारी मातृदिनाला घरी ये. आणि परत जायचं नाही. मावशीच्या कापडाच्या दुकानात बस."

फोन ठेवला. माझी स्वतःची आई! जन्मभर ओळखते मला, आणि विश्वास कुणावर — ढगावर!

१० ऑगस्ट

आज स्टुडिओत काम. छताखाली. गवती चहा नको, कुवार पोरगी नको. ओड दादाला सगळ्यांसमोर गाठलं.

"दादा, ते काढून टाका."

"चेष्टा होती गं. एवढं काय?"

"तुमच्या बहिणीला विचाराल असं? भोंग्यावर?"

लाइटवाले वायरी गुंडाळल्याचं सोंग करू लागले. त्याचं तोंड लाल झालं. "या धंद्यात टिकायचं लक्षण दिसत नाही तुझं."

"आणि पुढच्या वेळी तुम्हीच खोचा कांड्या. बघू या किती ऊन पडतं!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. माझ्यावर नाही, या वेळी. त्यानं चित्रण काढलं. पण आता काय उपयोग? गावभर झालंय.

निघताना तुम ताई म्हणाली, "मंगळवारी ये. क्लॅपवाला सुट्टीवर चाललाय. तू धर." क्लॅप! मी! आणि सोमवारी आई मला घरात कोंडणार.

मंगळवारी नाही गेले तर ओड दादा म्हणेल, बघा, पळाली. त्याला ते सुख मी देणार नाही!

११ ऑगस्ट

घरी. आई कोळंबी सोलत होती. मान वर केली नाही.

मावशीनं तोडगा काढलाय. दीडशहाणी! उद्या देवळाच्या अंगणात मातृदिनाचा कार्यक्रम, सगळा गाव येणार. तिथं सगळ्यांदेखत मी पुन्हा गवती चहा लावायचा. "कार्यक्रम कोरडा गेला तर तोंडं बंद होतील. जा मग खुशाल तुझ्या सिनेमाला. पाऊस आला तर दुकान."

मी म्हणाले, मी काय छत्री आहे? मावशी म्हणाली, कर नाही त्याला डर कशाला? मी आईकडं पाहिलं. एक शब्द बोल ना गं! ती कोळंबीचं डोकं उपटत म्हणाली, "लाव म्हणतेय तर लाव."

अग्निपरीक्षा ऐकली होती. ही पाण्याची. माझं काम, माझं शिक्षण, माझं नाव — सगळं उद्याच्या ढगांवर. दोघींचाही मला भयंकर राग आलाय. मावशीचा जाईल. आईचा जाणार नाही.

१२ ऑगस्ट

आभाळ काळंभोर. सगळा गाव खुर्च्यांवर. मावशीनं कांड्या हातात दिल्या. मी मातीत गुडघे टेकले आणि आई तिच्या खुर्चीवरून उठली. आली, कांड्या माझ्या हातातून ओढून घेतल्या आणि शेजारी उकळत असलेल्या सुपाच्या पातेल्यात टाकल्या. मावशी किंचाळली. आई म्हणाली, "पोरीला उद्या कामावर जायचंय. हात खराब कशाला करता तिचे?"

मग सगळ्या लेकी आयांच्या पाया पडल्या. मीही मोगऱ्याचा हार घेऊन वाकले, दात आवळूनच. आईनं डोक्यावर हात ठेवला. कानाशी वाकली.

"मीही लावला होता. इथंच, जत्रेत, लग्नाच्या आधी. सगळी जत्रा कोरडी गेली. अजून नाव काढतात माझं." हात हलला नाही तिचा. "तू पोटात होतीस."