माणसाचं पहिलं भांडण

तीर्थरूप मामांना एकुलत्या एका जावयाचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेलच. इकडे मी मजेत आहे. स्वयंपाक सोडला तर सगळं जमतं. आपली कन्या तीन आठवड्यांपूर्वी भांडून, बॅग भरून आपल्याकडे ‘चार दिवस विश्रांतीला’ आली, तेव्हा बजावून गेली होती की नोकरी कायम होईपर्यंत न्यायला यायचं नाही. (ती बजावते तेव्हा शेजारीही ऐकतात.) तर मामा, नोकरी कायम झाली!

घडलं ते असं. आमच्या वस्तुसंग्रहालयात आदिमानवाचं दालन व्हायचं होतं. गोणपाट प्लॅस्टरमध्ये बुडवून गुहा मी केली, शेकोटीत तांबडा दिवा लावला, आतली दोन माणसंही मीच घडवली. केसांचा काथ्या बाईलाच पुरला, म्हणून पुरुषाला टक्कल ठेवलं. (संचालक म्हणाले, त्या काळी टक्कल नसे. मी म्हटलं, बायको होती ना? हे मामींना वाचून दाखवू नये.) पुरुष मातीचं पहिलंवहिलं भांडं पुढे करतोय आणि बाई ते घ्यायला हात लांब करतेय, असा देखावा. खाली पाटी हवी होती, ‘माणसाचं पहिलं भांडं’. उद्घाटनाला पडदा सरकला, तर शेवटचा अनुस्वार उडालेला आणि त्या जागी ‘ण’ येऊन बसलेला: ‘माणसाचं पहिलं भांडण’!

माझी पाचावर धारण बसली. पाटीच्या रंगाऱ्याकडे पाहिलं, तर तो छत न्याहाळत होता. पण मामा, पाटी वाचून पुन्हा पुतळ्यांकडे बघावं तर काय! हात तोच, पण बाई आता भांडं घेत नव्हती, जाब विचारत होती, आणि टकल्या सारवासारव करत होता. प्रमुख पाहुण्या आधी गालात हसल्या, मग पोट धरून. एक म्हातारं जोडपं तिथेच चूक कोणाची यावर जुंपलं. इतिहासाचे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, भांड्याचा काळ सांगता येतो, भांडणाचा नाही, पण ते आधीचंच असावं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण नेहमी म्हणता. आमच्या गुहेतल्या जोडप्याचं एकाच भांड्यात भागलं! दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. शेतीच्या आणि चाकाच्या दालनांत कुत्रंही फिरकत नाही. आठवड्याभरात संचालकांनी पाटी कायम केली आणि मलाही.

हे सगळं कन्येला सावकाश वाचून दाखवावं, विशेषतः ‘कायम’ हा शब्द.

आपला विजयी
जावई

ता. क. – रविवारी न्यायला येतो. तिचा राग ओसरला असेल तर कळवा. नसला तरी येतो.

ता. क. २ – रंगाऱ्याला बोल लावू नये. पाटीचा मजकूर मीच लिहून दिला होता, ती आपल्याकडे निघून आली त्याच संध्याकाळी. डोक्यात दुसरा शब्दच नव्हता. घर फार मोठं वाटतं, मामा.

ता. क. ३ – भांडण कशावरून झालं, असं बघणारे रोज विचारतात. बाईचा चेहरा अगदी तिच्यासारखा झालाय (हाताला दुसरा येतच नाही), त्यामुळे मीच काहीतरी केलं असणार. पण काय, ते खरंच आठवत नाही. तिला तारखेसकट आठवत असेल. येऊन तेवढं सांग म्हणावं.