मनूच्या दोन डिग्र्या आणि माझा एक कौल

३ जुलै, सकाळी
मला अक्षर येत नाही. फोनला येतं. मनूने, म्हणजे माझ्या नातीने, फोनात एक माइक दाखवलाय. तो दाबून बोललं की फोन लिहून घेतो. तारीखसुद्धा आपणच घालतो. हे मी कुणाला दाखवणार नाही आणि मला स्वतःला वाचता येणार नाही, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही.
तर खरं असं की मनूला पुण्याला डबल डिग्रीला जागा मिळालीय. सायकॉलॉजी आणि बिझनेस, दोन्ही एकदम. पाच वर्षं. मला काही वाटत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला काय वाटायचंय? फक्त पोरीचं नुकसान होऊ नये. दोन होड्यांत पाय ठेवणारा खाडीत जातो.
पंचवीस तारखेपर्यंत तिला कॉलेजला हो की नाही ते कळवायचंय. निश्चय: अडवायचं नाही. प्रेमाने समजवायचं. ती आपणहून नाही म्हणेल. माणसं मला कळतात.

४ जुलै
समजावलं. म्हटलं, मन ओळखणं आणि माल खपवणं, दोन्ही आपल्या जनीला येतं. जनी सुकी मच्छी घेऊन दारात येते. आधी विचारते, वैनी, गुडघा कसा हाय? मग मुलगा कसा, मग सून कशी. सुनेचं नाव निघालं की मी जरा मोकळी होते, तेवढ्यात ही बांगड्याचा भाव सांगून टाकते. आणि मी देते! जनी कुठल्या कॉलेजात गेली होती?
मनू वही घेऊन बसली. म्हणाली, आजी, पुन्हा सांग, सावकाश. हेच तर मला शिकायचंय.
मी नको म्हणून उदाहरण दिलं, तिने हवं म्हणून घेतलं. उदाहरण चुकलं. मुद्दा बरोबर आहे.

७ जुलै
जागा मिळालेल्या सगळ्यांसाठी कॉलेजने फोनवरून वर्ग सुरू केलेत, जायच्या आधीची तयारी. सकाळी सायकॉलॉजी, दुपारी मार्केटिंग. मी शेजारी पाट घेऊन बसते. पोरीला सोबत.
सकाळच्या बाई म्हणाल्या, माणूस आधी ठरवतो आणि कारणं मागून शोधतो. मला हसूच आलं. असतात मेली अशी माणसं. माझा मुलगा गुरुप्रसाद अगदी तस्सा. मनू माझ्याकडे टक लावून बघत होती. तोंडाला काही लागलं होतं वाटतं.
दुपारचे सर म्हणाले, गिऱ्हाइकाला तीनच वस्तू दाखवा, जास्त दाखवल्या की ते गोंधळतं. मी विचारलं, आणि त्याने चौथी मागितली तर? माइक चालू होता. सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, आजींनी रोज यावं. मनू म्हणते, आजी, मला मान खाली घालायला लावलीस.
रोज जाणार. सरांनीच सांगितलंय.

११ जुलै
नवी युक्ती. बिझनेसची हौस घरातच भागवायची. उन्हाळ्यात मी फणसाचा रस थापून साठं वाळवली होती, ती डब्यात पडून आहेत. मनूला म्हटलं, विकून दाखव. चार दारं हिंडेल, भिजेल, कंटाळेल. सून नम्रता म्हणाली, आई, एवढ्या पावसात कोण घेणार?
मी मनात म्हटलं, तेच तर.

१३ जुलै
साठं संपली. बेचाळीस. पोरगी पडवीतून उठलीसुद्धा नाही. फोटो काढला आणि मुंबईतल्या आपल्या सगळ्या गाववाल्यांना पाठवला. खाली काय लिहिलं ते नम्रताने वाचून दाखवलं: आजीने स्वतःच्या हाताने वाळवलेली. पुढच्या वर्षी करील की नाही, सांगता येत नाही.
माझ्या मरणावर माल विकला!
म्हटलं, मेले, मी धडधाकट आहे. तर म्हणते, आजी, मी कुठे काय म्हटलं? सांगता येत नाही, एवढंच म्हटलं. माया ही सायकॉलॉजी आणि तुटवडा हा बिझनेस. दोन्ही एकदम शिकलं की असं होतं.
कुरियरवाला येऊन घेऊनही गेला. मला चाखायला एक ठेवलं नाही.
दोन विषय एकत्र जमतात हे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. हा योगायोग.

१६ जुलै
छातीत धडधडतंय असं सांगितलं. मनूने विचारलं, कधीपासून? जेवल्यावर, की पुण्याचं नाव काढल्यावर?
धडधड थांबली.

१८ जुलै
माणसांनी वाद घालण्यापेक्षा देवीवर सोपवावं. कौल घ्यायचा. आमच्यात लग्न, विहीर, बाग, काहीही कौलाशिवाय होत नाही. गुरव देवीला दोन्ही अंगांना कळ्या लावतो आणि आपला प्रश्न सांगतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यापुढे कुणी चकार शब्द काढत नाही. गुरुप्रसाद पतपेढीत मोठा साहेब असला तरी तोसुद्धा नाही.
घरात मोठी मी. मी एकटी जाऊन घेईन. देवीला आमच्या घरचं सगळं ठाऊक आहे, ती माझ्याच बाजूने आहे.

२० जुलै
रिक्षा करून देवळात गेले. रघू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मागून होय म्हाराजा म्हणून साथ द्यायला मी एकटीच. प्रश्न: मनूने पुण्याला जावं का?
उजवी. नीट हात जोडायच्या आत पडली.
रघूला म्हटलं, देवीला ऐकू गेलं नसेल, तू पुटपुटतोस. पुन्हा लाव. पुन्हा उजवी. तिसऱ्या खेपेला मी प्रश्न फिरवला. म्हटलं, असं विचार की मनूने घरी राहिलेलं बरं ना?
डावी.
रघू म्हणाला, काकी, आता देवीला जेवू द्या.
घरी आले तर सगळी पडवीत वाट बघत होती. मी म्हटलं, डावा कौल.
यात खोटं काहीही नाही. शेवटची कळी डावीच पडली होती.
मला वाटलं मनू भांडेल. ती म्हणाली, बरं आजी. एवढंच.

२१ जुलै
जिंकले. मी म्हटलंच होतं.
मनू दार लावून बसलीय. वर्गाला बसली नाही. आतून चर्र चर्र फाडल्याचे आवाज येतात. पुस्तकं फाडते की काय? फाडू दे. पोरंच ती. दोन दिवसांत हसायला लागेल.

२३ जुलै
हसत नाही. मी समोर गेले की मान फिरवते. खांदे हलतात. रडत असणार.
मला जेवण गेलं नाही. हवा खराब आहे.
दुपारी पाट घेऊन बसायला गेले तर वर्ग नाही, सर नाहीत. नुसतीच बसले. माझ्या लहानपणी आमच्या बाबांनी सांगितलं होतं, गोदीला, म्हणजे मला, शाळेत घालायचं नाही, कौल डावा आलाय. बाबा एकटेच गेले होते देवळात. कळी कुठली पडली, बघायला कोण गेलं होतं?
सत्तर वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आजच कसं सुचलं कोण जाणे. हवेनेच.

२४ जुलै, संध्याकाळी
उद्या शेवटची तारीख. निश्चय केला. सगळ्यांना पडवीत बसवलं आणि तिन्ही कळ्यांचं खरं सांगून टाकलं. म्हटलं, देवी काय शिक्षा करील ती मला करील, पण पोरीचं शिक्षण माझ्यापायी अडायला नको. हो कळव आत्ताच्या आत्ता. माझा आवाज छान कातर झाला होता. मला वाटलं, आता सगळी रडतील.
कुणी रडलं नाही. नम्रता ओढणी तोंडाशी धरून आत पळाली.
गुरुप्रसाद म्हणाला, आई, तू रिक्षातून उतरायच्या आधीच रघूचा फोन आला होता. म्हणाला, काकींनी देवीला तीनदा विचारलंय, घरी काय सांगतात ते जरा बघा. मनूने कॉलेजला हो म्हणून कळवलं ते त्याच संध्याकाळी. चार दिवस झाले.
आणि ते फाडण्याचे आवाज? चिकटपट्टीचे. पोरगी खोके बांधत होती.
म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? तर मनू म्हणते, आजी, बाबा म्हणत होते तू कधीच सांगणार नाहीस. मी म्हटलं, चौथ्या दिवशी सांगेल. तुझ्यासमोर हसू आवरत नव्हतं गो.
मेल्यांनो, म्हटलं, देवीच्या नावावर म्हातारीला खेळवलंत? गुरुप्रसाद म्हणाला, आई, सुरुवात कुणी केली?
सुरुवात कुणी केली हा प्रश्न इथे गौण आहे.

३ ऑगस्ट
मनू गेली. सकाळच्या एसटीने. खोके जास्त, पोरगी कमी दिसत होती.
मी अडवलं तेव्हा ती अडली नव्हती. मी सोडलं तेव्हा ती आधीच सुटली होती. म्हणजे महिनाभर मी नक्की काय केलं, हे कुणीतरी शिकलेल्याने सांगावं.

५ ऑगस्ट
देवळात गेले. देवीची माफी मागितली. आलेच आहे तर रघूला म्हटलं, एक कळी लाव, मनू दिवाळीला येईल का, विचार. रघू म्हणाला, काकी, त्याला कौल कशाला? फोन करा.
घरी येऊन केला. उचलला नाही. सकाळी सायकॉलॉजी असते.
दुपारी केला. दुपारी मार्केटिंग.