बादलीभर शांतता

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार. (उभ्यानेच केला आहे. या खोलीत आडवं व्हायची सोय नाही, पाय ठेवावा तिथे एखादा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ, निजलेला असतो.) तुमचं पित्त आता कसं आहे? मामीचा गुडघा तिला जिना चढू देतो का? माझी प्रकृती उत्तम, फक्त एका जागी बसवत नाही, पण हा आजार मी चालायला लागले तेव्हापासून तुम्हाला ठाऊकच आहे. या पत्राचा मायना खिडकीत लिहिला, प्रकृतीची चौकशी जिन्यात, आणि आता दाराला पाठ टेकून पुढे लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, मी काहीही मागण्यासाठी लिहीत नाही. तेव्हा चष्मा काढून ठेवू नका.

गेल्या पत्रात तुम्ही विचारलंत, की गोदामांमागच्या वस्तीतल्या पोरांना व्हायोलिन शिकवून मी नेमकं काय साधते आहे, आणि तुमच्या नळ-पाइपांच्या दुकानातली गल्ल्यावरची खुर्ची माझ्यासाठी अजून किती दिवस अडवून ठेवायची. प्रश्न रास्त आहे. संस्थेचं म्हणणं असं, की वाद्यवृंदात बसलं की मुलांना शिस्त लागते, एकमेकांचं ऐकायची सवय होते आणि आयुष्य वर येतं. (हे गुळगुळीत कागदावर छापलेलं आहे, सोबत एका हसऱ्या मुलाचा फोटो. तो मुलगा आमच्याकडचा नाही. आमची पोरं फोटोसाठी इतका वेळ थांबत नाहीत.) वाद्यं संस्थेची, खोली वस्तीची आणि डोकेदुखी माझी. त्यातून वाद्यं मिळाली ती वर्षाच्या बोलीवर. वर्षअखेरीला संस्थेच्या अध्यक्षबाई येऊन कार्यक्रम ऐकणार, पसंत पडला तर वाद्यं इथेच, नाहीतर टेम्पो येऊन ती दुसऱ्या वस्तीत घेऊन जाणार. तो टेम्पो मला जेवताना दिसायचा, केस विंचरताना दिसायचा. कार्यक्रमाच्या आधी तर मी भाजीवाल्याचा टेम्पो पाहूनही दचकले होते.

वाजवायला पोरं पटापट शिकली. घोडं अडलं ते न वाजवण्यात. मामा, वाद्यवृंदात निम्मा वेळ गप्प बसायचं असतं. दुसऱ्यांचं चालू असताना आपण मनात मात्रा मोजायच्या आणि आपली पाळी आली की बरोबर तिथे शिरायचं. पण या वस्तीत जो थांबला त्याला पाणी मिळत नाही. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ, त्याला पाणी कधी यावं हे त्याचं तो ठरवतो, आणि ते आलं की जो आधी घुसेल त्याचं भांडं भरतं. त्यामुळे माझ्याकडे एक तुकडा सुरू झाला की सगळे एकदम घुसायचे, आणि जो सगळ्यांत आधी शेवटाला पोचेल तो शर्यत जिंकल्यासारखा आजूबाजूला बघायचा. मी ओरडले, हात जोडले, स्टुलावर चढले, उतरले, पुन्हा चढले. शेवटी वैतागून म्हटलं, गप्प बसायचं म्हणजे भांडं भरेपर्यंत थांबायचं. ट्रंपेटवाल्यांनी तांब्या भरेपर्यंत, व्हायोलिनवाल्यांनी बादली भरेपर्यंत आणि चेलोनं अख्खा हंडा भरेपर्यंत. झालं, जादूच झाली. सगळे डोळे मिटून मनातल्या मनात पाणी भरायला लागले आणि जिथे यायचं तिथे अचूक यायला लागले. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी चक्क बसून जेवले.

आता चेलोवालीबद्दल. तिला सगळे मुकादम म्हणतात, कारण नळावरच्या झुंबडीत तिचा शब्द चालतो. आई धुलाईच्या कारखान्यात दिवसपाळीला, त्यामुळे घरचं पाणी हिच्याकडे. ते चुकलं तर घरात चूल पेटत नाही. तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, नळ आला की मी उठणार. मागनं बोलायचं नाही." मी हसले होते. कार्यक्रम दुपारचा ठेवला होता, आणि दुपारी तो नळ आजवर कधी आलेला नव्हता.

तुम्ही ओळखलंच असेल. अध्यक्षबाई पुढच्या खुर्चीत, संस्थेचे सचिवसाहेब कडक इस्त्रीत दाराशी, आमचा तुकडा निम्म्यावर, आणि बाहेर पाइप घुरघुरला. (तुमचा जन्म पाइपांत गेला, तो आवाज तुम्हाला सांगायला नको.) ट्रंपेटवाल्यांची तेव्हा गप्प बसायची पाळी होती. ते उठले, ट्रंपेट खुर्चीवर ठेवले, तांबे घेऊन बाहेर गेले आणि भरून आपल्या सुरावर हजर झाले. मग व्हायोलिनवाले बादल्या घेऊन. मामा, एकही पोर पाळी सोडून हललं नाही. मीच शिकवलं होतं ना, तांबे, बादल्या, हंडे. मी हातवारे करत राहिले, दुसरं करणार काय? डोळ्यांपुढे टेम्पो मागे घेत घेत दारापर्यंत आला होता.

मुकादम मात्र बसून होती. शेवट तिच्या एकटीचा होता, त्याआधी तिची लांबलचक शांतता. ती माझ्याकडे बघत होती. वाद्यं राहावीत असं वाटत असेल तर तिला डोळ्यांनी दाबून बसवायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी मान हलवली, जा म्हणून, आणि वाद्यांवर पाणी सोडलं. ती हंडा उचलून पळाली. पुढचं मला खिडकीतून दिसलं. नळाची धार बारीक, हंडा काही भरेना आणि इकडे शांतता संपत आली. तेवढ्यात हा काय गोंधळ म्हणून सचिवसाहेब बाहेर आले. तिनं नळाची रबरी नळी त्यांच्या हातात दिली, धावत आत आली, ओले हात झग्याला पुसले, गज उचलला आणि नेमक्या जागी शिरली. मी रडले, मामा. हातवारे सोडून उभ्या उभ्या रडले. पोरांचं माझ्यावाचून काहीही अडलं नाही.

सचिवसाहेबांना शेवट नळावरच ऐकावा लागला, कारण हंडा अर्धवट टाकून निघणाऱ्या माणसाला मागच्या बायका सोडत नाहीत. बुटांत पाणी घेऊन ते आत आले आणि बाहेरही बरं ऐकू येत होतं एवढंच म्हणाले. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं आहे, आणि फोटोंत सगळ्या रिकाम्या खुर्च्या आल्या आहेत. तेव्हा वाद्यं तूर्त राहतील, पण पुढच्या खेपेला अख्खा तुकडा संपेपर्यंत सगळे वादक बसलेले दिसले पाहिजेत. नाहीतर टेम्पो. म्हणजे माझं फिरणं चालूच.

मामीच्या गुडघ्याला शेक द्या आणि तुम्ही चहा कमी करा. गल्ल्यावरची खुर्ची बसणाऱ्या माणसाला देऊन टाका.

तुमची,
भिंगरी

ता. क. तुमच्या गोदामात ती पोचा आलेली पाण्याची टाकी अजून पडून आहे ना, ट्रकवरून पडलेली, जिला गिऱ्हाईक हात लावत नाही आणि जिच्यावरून मामी रोज बोलते? ती इकडे धाडा. सोबत पाइप, तोटी आणि तुमचा फिटर. नळ कधीही येऊ दे, टाकी आपली भरून राहील आणि कुणाला मधेच उठावं लागणार नाही. याला मागणं म्हणत नाहीत, तुमचं गोदाम मोकळं होतं आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पोरांना टाकीची बातमी सांगितली. सगळ्यांनी नाचून घेतलं आणि लगेच तालमीला बसले. मुकादम, जी कधी चुकत नाही, ती आज भलतीच आधी शिरली. विचारलं, काय झालं ग? तर म्हणाली, "बाई, टाकीच्या नळाखाली हंडा लवकर भरतो." तेव्हा मामा, टाकी पाठवाच, पण तोटी बारीक धारेची बसवा.